ड्रोनने आणलेलं पार्सल ठेवायचं कुठे?



'ड्रोन : शाप की वरदान', 'मी ड्रोन झालो तर' असे निबंध आता बऱ्याच शाळांत लिहून घेतले जातात. मुलं छान लिहितात. ड्रोन शेतात फवारणी करतो, पुरात अडकलेल्यांना शोधतो, लग्नात वरून शूटिंग करतो. आणि एक वाक्य तर हमखास असतं, 'पुढे ड्रोन आपल्या घरी सामान आणून देईल.' पण ड्रोन कसा उडेल हे सगळी मुलं लिहितात, आणलेलं सामान तो ठेवेल कुठे हे जवळजवळ कोणीच लिहीत नाही.

मुलांचं सोडा, आपण मोठी माणसं तरी कुठे विचार करतो? म्हणून आज या विषयावर थोडं सविस्तर लिहिते. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ड्रोनपेक्षा त्याने आणलेलं पार्सल ज्या पेटीत पडणार, ती पेटी जास्त महत्त्वाची आहे. ती कशी असावी आणि कुठे असावी, हे वस्तीतल्या माणसांनी ठरवायला हवं. आणि ती शाळेच्या मैदानात तर अजिबात नको. का, ते पुढे वाचा.

ड्रोन दारात का येऊ शकत नाही?

सामान पोहोचवणारे ड्रोन साधारण तीन प्रकारे सामान सोडतात. पहिला प्रकार म्हणजे स्वतः खाली उतरून. दुसरा म्हणजे हवेतच थांबून दोरीने पार्सल खाली सोडणं. 'विंग' ही कंपनी ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत असं करते. तिसरा म्हणजे छोट्या पॅराशूटने पार्सल टाकणं. आफ्रिकेतल्या रवांडा देशात २०१६ पासून 'झिपलाइन'चे ड्रोन दवाखान्यांना रक्ताच्या पिशव्या अशाच पोहोचवत आले आहेत.

या तिन्ही प्रकारांना एक गोष्ट लागते, ती म्हणजे मोकळी जागा. परदेशात घरामागे अंगण असतं, तिथे दोरी सोडता येते. आपल्याकडे बघा. चाळीत दाराबाहेर तीन फुटांची गॅलरी. सोसायटीत खिडकीला ग्रिल आणि ग्रिलला वाळत घातलेले कपडे. गावात घराला घर लागून, वर विजेच्या तारा, केबलच्या वायरी, नारळाची नाहीतर आंब्याची झाडं. अंगण असलंच तर त्यात कोंबड्या, कुत्रं आणि रांगणारं बाळ. अशा ठिकाणी गरगर फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र उतरवणं शहाणपणाचं नाही.

मग मार्ग उरतो तो एकच. वस्तीसाठी एक सामाईक पेटी. ड्रोन वरून पार्सल पेटीत सोडेल, आपण चालत जाऊन आपला कप्पा उघडून ते घेऊ. जुन्या लाल टपालपेटीचंच हे उलटं रूप म्हणा ना! तिच्यात आपण पत्र टाकायचो आणि पोस्टमन काढायचा. हिच्यात ड्रोन टाकेल आणि आपण काढू.

हे कुठे घडलं आहे?

ही कल्पना नुसती हवेतली नाही. जर्मनीत टपालाच्या पार्सल-पेट्या पूर्वीपासून आहेत. २०१६ च्या जानेवारी ते मार्च या काळात डीएचएल कंपनीने बव्हेरियातल्या डोंगराळ भागात एक प्रयोग केला. राइट इम विंकल या गावातून विंक्लमोसाल्म या पठारावर ड्रोन पाठवला. दोन्ही टोकांना खास पेट्या होत्या. गावकरी पार्सल पेटीत ठेवायचे, पेटीच ते ड्रोनमध्ये भरायची आणि पलीकडची पेटी ते उतरवून घ्यायची. मध्ये माणसाचा हात नाही. अंतर सुमारे ८ किलोमीटर आणि वेळ ८ मिनिटं. हिवाळ्यात बर्फातून गाडीने तिथे पोहोचायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागायचा.

चीनमधल्या शेन्झेन शहरात 'मेइतुआन' ही कंपनी खाण्याचे पदार्थ ड्रोनने पोहोचवते. ड्रोन इमारतीत जात नाही. ठरलेल्या जागी एक टपरीसारखी पेटी असते, तिच्या छतावर ड्रोन पार्सल सोडतो आणि गिऱ्हाईक खाली येऊन ते घेतं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावाला कोविड लशीचे ३०० डोस ड्रोनने नेले. रस्त्याने साधारण ४० मिनिटांचा प्रवास, ड्रोनला सुमारे ९ मिनिटं लागली. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने कर्जतहून माथेरानला ड्रोनने टपाल नेऊन पाहिलं. साधारण पावणेदहा किलोचं टपाल सुमारे १५ मिनिटांत वर पोहोचलं. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे, दस्तुरी नाक्यापुढे त्या नेता येत नाहीत. बरंचसं सामानही हातगाडीवरून नाहीतर घोड्यावरून जातं. त्यामुळे तिथे ड्रोनचा उपयोग किती, हे वेगळं सांगायला नको.

पण माथेरानच्या प्रयोगात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. टपाल पोस्टातून निघालं आणि पोस्टातच उतरलं. पुढे घरोघरी जाण्याचं काम माणसाचंच राहिलं. म्हणजे अवघड डोंगर ड्रोनने पार केला, पण शेवटचे पाचशे पावलं कोणी आणि कशी चालायची, हा प्रश्न तसाच आहे. पार्सल-पेटी हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ते उत्तर चुकलं तर वरचा सगळा खटाटोप वाया.

पेटी कशी असावी?

मी काही इंजिनिअर नाही. प्राथमिक शिक्षिका आहे. पण रोज तीस-पस्तीस मुलं, त्यांच्या आज्या आणि त्यांचे पालक बघते. त्यामुळे काही गोष्टी मला अगदी स्पष्ट दिसतात.

१) पाती वर, माणसं खाली. ड्रोन उतरण्याची जागा पेटीच्या माथ्यावर, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर हवी. पार्सल आतल्या आत खाली यावं. पेटीचं दार ड्रोन येतो त्या बाजूला नसावं. ड्रोन आला की मुलं धावत जाणारच, त्यांना 'जाऊ नका' सांगून उपयोग नसतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मुलं ऐकतील या भरवशावर यंत्राची जागा ठरवू नये. मुलं ऐकणार नाहीत असं धरूनच ती ठरवावी.

२) कप्प्यात मूल मावता कामा नये. लपाछपी खेळताना मुलं कुठेही घुसतात. बंद पडलेल्या फ्रिजमध्ये, पेटाऱ्यात मुलं अडकून गुदमरल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. त्यामुळे कप्पे लहान असावेत, आणि एखादा मोठा ठेवायचाच असेल तर तो आतून ढकलला की उघडला पाहिजे. पेटी पसंत करताना हा मुद्दा मी सगळ्यात आधी बघेन.

३) उंची आजीच्या मापाची. कप्पे एकावर एक रचले की सगळ्यात खालचा कप्पा जमिनीला टेकतो आणि सगळ्यात वरचा डोक्यावर जातो. गुडघे दुखणाऱ्या आजीला वाकता येत नाही, चाकाच्या खुर्चीवरच्या दादाला वर हात पुरत नाही. तेव्हा औषधाचे आणि ज्येष्ठांचे कप्पे मधल्या रांगेत, गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली असावेत. पेटीपर्यंत पायरीऐवजी उतार असावा.

४) ऊन, पाऊस आणि वाऱ्याचा विचार. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात पत्र्याची पेटी म्हणजे भट्टीच. न वापरलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. असं औषध पेटीत दोन तास राहिलं तरी काय होईल? म्हणून पेटीला सावली हवी, दुहेरी भिंत हवी, एखादा थंड कप्पा हवा, आणि वीज गेली तरी तो थंड राहील अशी बॅटरी हवी. उलट कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने धो धो पाऊस. तिथे पेटीला जोतं उंच हवं आणि दारावर पागोळी पडणार नाही असं छज्जं हवं. मुसळधार पावसात आणि सोसाट्याच्या वाऱ्यात ड्रोन उडवता येत नाही, हेही लोकांना आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर ऐन पावसाळ्यात, जेव्हा रस्ताही बंद, तेव्हाच लोक आभाळाकडे डोळे लावून बसायचे.

५) माकडं. हसू नका! माथेरानला जाऊन आलेल्या कोणालाही विचारा. हातातली वेफर्सची पिशवी ओढून नेणारी माकडं खाण्याचा वास येणारी पेटी सोडतील का? कडी अशी हवी की माणसाला सोपी आणि माकडाला अवघड.

६) नाव दाराबाहेर नको. कोणाला टीबीचं औषध येतं, कोणाला सॅनिटरी पॅड, कोणाला आणखी काही. ते गावाला कळायचं कारण नाही. कप्प्यावर फक्त नंबर असावा. पेटीवर कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण कोणाकडे जातं आणि किती दिवस राहतं, हे पाटीवर मराठीत लिहिलेलं असावं.

कुलूप कोणाला उघडेल?

हा मुद्दा मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

सगळे म्हणतील, ओटीपी येईल, तो टाकला की कप्पा उघडेल. ऐकायला सोपं आहे. पण आपल्या वर्गातल्या मुलांची घरं डोळ्यांसमोर आणा. घरात स्मार्टफोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील कामावर. ओटीपी त्यांच्याकडे येणार आणि पेटीसमोर उभी असणार आई. कुठे वस्तीत रेंजच नाही, ओटीपीसाठी टेकडीवर चढायचं. कुठे आजीला आकडे ओळखता येतात पण ते मराठी, इंग्रजी नाही. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुलं आजोबांकडे असतात, आणि आजोबांकडे साधा बटणांचा फोन.

जर्मनीत आता काही पार्सल-पेट्या अशा आल्या आहेत की त्यांना पडदाच नाही. मोबाइलमधलं अ‍ॅप असेल तरच कप्पा उघडतो. अशी पेटी बनवायला आणि बसवायला सोपी पडते, हे खरं. पण ज्याच्याकडे तसा मोबाइल नाही त्याच्यासाठी ती पेटी म्हणजे नुसती भिंत.

आपल्याकडे असं होऊ नये. पेटीला मोठी, ठळक बटणं असावीत. त्यांवर देवनागरी आकडे आणि ब्रेलचे ठिपके असावेत. पेटीने मराठीत बोलून सांगावं, 'तीन नंबरचा कप्पा उघडला आहे.' नेटवर्क नसलं तरी चालणारा संकेतांक तयार करता येतो, तो वापरावा. आणि मोबाइल नसलेल्यांसाठी साधं कार्ड असावं, जे आजीच्या कनवटीला राहील. एवढं करूनही काही अडलं तर जवळ एक माणूस असावा. आशाताई असो, पोस्टातला कर्मचारी असो की बचतगटातली ताई असो, कोणीतरी नेमलेलं, आणि त्याचं मानधन मिळणारं. फुकटात कामं करून घ्यायची आणि वर त्याला समाजसेवा म्हणायचं, हे आता पुरे झालं.

जागा : शाळेचं मैदान नको

आता मुख्य मुद्दा. उद्या वस्तीत अशी पेटी बसवायची ठरलं की जागा शोधणाऱ्या माणसाची नजर पहिली कुठे जाईल? जिल्हा परिषदेच्या शाळेकडे. मोकळं मैदान आहे, कुंपण आहे, विजेचं कनेक्शन आहे, आणि 'शाळेजवळ' म्हटलं की पत्ता सगळ्यांना कळतो. शाळेने आजवर नाही कशाला म्हटलं आहे? मतदान केंद्र शाळेत, लसीकरण शाळेत, पुरातली माणसं शाळेत. यात वाईट काहीच नाही, ती गावाची गरज असते आणि ती दोन-चार दिवसांत संपते. पेटी मात्र रोजची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

तिच्यासोबत रोजचा आवाजही येणार. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळच्या बोनीथन भागात ड्रोनने सामान पोहोचवण्याची चाचणी झाली, तेव्हा तिथल्या रहिवाशांनी आवाजाबद्दल तक्रारी केल्या होत्या. ती घरं होती. इथे तर पहिलीचा वर्ग अ, आ, इ म्हणत असेल आणि खिडकीबाहेर घर्रर्र. त्या दिवशीचा पाठ तिथेच संपला. शिवाय पार्सल घ्यायला दिवसभर कोणीही आवारात येणार. आज गेटवर अनोळखी माणूस दिसला तर आपण विचारतो, 'कोण पाहिजे?' उद्या तो म्हणेल, 'पार्सल न्यायचंय', आणि आपल्याला गप्प बसावं लागेल.

आणि मैदान? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान आणि कुंपण हवं असं स्पष्ट लिहिलं आहे. मैदान म्हणजे रिकामी पडलेली जागा नव्हे. लंगडी, खो-खो, कबड्डी हा सुद्धा पाठच आहे. ड्रोन यायचा म्हणून एका कोपऱ्यावर दोरी बांधली, की हळूहळू ती दोरी पुढे सरकते. हा अनुभव कोणत्या शिक्षकाला नाही?

मग पेटी कुठे लावावी? माझी पसंती टपाल कार्यालयाला. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयं आहेत आणि त्यातली बहुतेक ग्रामीण भागात. पत्र, मनिऑर्डर, पेन्शन यासाठी लोकांचा त्यांच्यावर विश्वास आहे. दुसरी जागा ग्रामपंचायतीची इमारत. औषधांसाठी आरोग्य उपकेंद्र. शहरात वॉर्ड ऑफिस, समाजमंदिराची गच्ची किंवा एसटी स्टँडची मागची बाजू. बायकांना संध्याकाळी एकटीने जाता येईल असा उजेड आणि वर्दळ तिथे असावी, एवढं बघावं.

यावर कोणी म्हणेल, 'मॅडम, आमच्या पाड्यावर शाळेशिवाय पक्की इमारतच नाही. सर्पदंशाचं औषध यायचं असेल तर?' प्रश्न अगदी बरोबर आहे. अशा ठिकाणी माणसाचा जीव आधी. पण तिथेही काही गोष्टी ठरवून घेता येतील. पेटी आवाराच्या बाहेरच्या भिंतीला, दार रस्त्याकडे. शाळेच्या वेळात फक्त तातडीचं औषध, चप्पल आणि मोबाइलची कव्हरं शाळा सुटल्यावर. आणि हा निर्णय वरून कागद आला म्हणून होऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांनी तो घ्यावा आणि ग्रामसभेत मांडावा.

पेटी एका कंपनीची की सगळ्यांची?

थोडक्यात सांगते. प्रत्येक कंपनीने आपली वेगळी पेटी लावली तर चौकात पेट्यांची रांग लागेल, आणि जिथे गिऱ्हाईक कमी तिथे एकही लागणार नाही. म्हणजे पुण्याच्या एका चौकात पाच आणि आमच्याकडे शून्य. म्हणून पेटी टपालपेटीसारखी सार्वजनिक असावी, वापरणाऱ्या कंपन्यांनी भाडं द्यावं.

कुरिअर पोहोचवणाऱ्या मुलांचाही विचार व्हायला हवा. त्यातले कितीतरी आपलेच माजी विद्यार्थी आहेत. आज आमच्यासारख्या आडबाजूच्या गावांत कुरिअरवाला फोन करून म्हणतो, 'फाट्यावर या', आणि पार्सल किराणा दुकानात ठेवून जातो. त्याचाही नाइलाज असतो, पेट्रोलच परवडत नाही. डोंगरापलीकडे, नदीपलीकडे ड्रोन जाऊ दे. पण जिथे रस्ता आहे तिथे पोटापाण्याला लागलेल्या मुलांचं काम काढून घेण्यासाठी तो नको. पेटीची देखभाल, बॅटरी बदलणं, अडलेल्याला मदत करणं ही कामं त्यांनाच मिळावीत.

वर्गात काय करता येईल?

चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात आणि गणितात हा विषय सहज बसतो. खर्च काही नाही.

• गावाचा किंवा वॉर्डाचा नकाशा काढून पेटीसाठी तीन जागा सुचवायच्या. प्रत्येक जागेचा एक फायदा आणि एक तोटा लिहायचा.
• घरातल्या आजी-आजोबांची आणि धाकट्या भावंडाची खांद्यापर्यंतची उंची टेपने मोजून आणायची. त्यावरून कप्प्यांची उंची ठरवायची.
• घरी आलेल्या खोक्यांची लांबी, रुंदी, उंची मोजायची. कोणत्या मापाचे कप्पे जास्त लागतील याचा तक्ता करायचा.
• ८ किलोमीटर ८ मिनिटांत, तर ताशी वेग किती? ६० किलोमीटर. मग आपल्या गावापासून तालुक्याला किती मिनिटं?
• भारताच्या ड्रोन नियम २०२१ नुसार वजनावरून गट पडतात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. हे वजन सामानासह धरतात. घरातल्या वस्तूंचं वजन करून ती घेऊन जाणारा ड्रोन कोणत्या गटात जाईल याचा अंदाज करायचा.
• पुठ्ठ्याची पेटी बनवायची आणि ती डोळे मिटून, एका हाताने, खुर्चीवर बसून उघडून बघायची. काय अडलं ते लिहायचं.

यातला शेवटचा उपक्रम जरूर घ्या. डोळे मिटून पेटी उघडून बघितलेलं मूल पुढे काहीही बनवेल तेव्हा वापरणाऱ्या माणसाचा विचार करेल. विज्ञान शिकवायचं ते यासाठीच ना?

पालकांनाही एक विनंती. ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय आज ना उद्या येईल. तेव्हा 'ड्रोन कधी येणार?' एवढंच विचारून थांबू नका. पेटी कुठे लावणार, कुलूप कोण उघडू शकणार, पावसात काय होणार आणि बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हे चार प्रश्न विचारा. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर भिंत पाडून पेटी हलवण्यापेक्षा आधी चार प्रश्न विचारणं केव्हाही स्वस्त!